मुंबईत जुनं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घ्यायचं असेल तर

गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एका निवृत्त काकांनी कपाटातून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं वेब्ली, म्हणजे एक जुनं ब्रिटिश रिव्हॉल्व्हर, काढलं आणि टेबलावर ठेवलं. हात मात्र लावू दिला नाही. "आधी परवाना दाखवा." मी परवाना पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून वाचला, बोअर, म्हणजे नळीचं माप, कुठला लिहिलाय तिथे बोट ठेवून खात्री केली. मग रिव्हॉल्व्हर उघडून सहाही कप्पे रिकामे असल्याचं मला दाखवलं आणि दस्ता माझ्याकडे करून हातात दिलं. जुनं हत्यार घ्यायचं तर अशा माणसाकडून घ्यावं. ज्याला माझा कागद बघायची घाई आहे, त्याने स्वतःचा कागदही नीट ठेवलेला असतो.

त्याच्या आधी मी दोन रिव्हॉल्व्हरं पाहून नाकारली होती. दोन्ही या वेब्लीपेक्षा कितीतरी चकचकीत होती. जुन्या हत्याराची किंमत त्याच्या कागदात आणि त्याच्या बसणीत, म्हणजे भाग एकमेकांत किती नेमके बसतात त्यात असते, पॉलिशमध्ये नसते. पुढचं सगळं याच दोन गोष्टींबद्दल आहे, आणि मुंबईच्या दमट हवेबद्दल.

बोअर आधी, रिव्हॉल्व्हर नंतर

बहुतेक जण उलटं करतात. हत्याराच्या प्रेमात पडतात आणि मग ते परवान्यावर बसतं का ते पाहतात. परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांखाली मिळतो. मुंबईत तो देणारे अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त. अर्ज ए-१ नमुन्यात करायचा. वय २१ पूर्ण हवं, आणि हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं एस-१ नमुन्यातलं प्रमाणपत्रही लागतं. परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय डेटाबेसमध्ये होते आणि तुम्हाला एक यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे. घरात वडिलोपार्जित बारा बोअरची बंदूक आणि आणखी एखादं हत्यार असेल, तर तिसऱ्याला जागाच नाही. हा हिशेब पहिल्या दिवशीच करा.

आता बोअर. जुनं ब्रिटिश रिव्हॉल्व्हर म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते पहिल्या महायुद्धातलं भलंमोठं वेब्ली. ते .४५५ चं. दुसऱ्या महायुद्धातलं एनफील्ड .३८० चं. नियमांच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे .३८० किंवा .४५५ ची कड असलेली काडतुसं ज्या रिव्हॉल्व्हरात बसतात आणि उडतात, ते प्रतिबंधित बोअरचं. त्याला केंद्र सरकारची परवानगी लागते. इथला 'बसतात आणि उडतात' हा भाग नीट वाचा. ब्रिटिश लष्कराचं .३८० काडतूस स्मिथ अँड वेसन (एस अँड डब्ल्यू) या अमेरिकी कंपनीच्या जुन्या .३८ वरूनच बनलं आहे, त्यामुळे .३८ एस अँड डब्ल्यूच्या कप्प्यात ते जातं. नळीवर '.३८' एवढंच कोरलेलं दिसलं आणि विकणारा "काही प्रॉब्लेम नाही" म्हणाला, तर तिथेच थांबा आणि आयुक्तालयात लेखी विचारा.

म्हणून आपल्याकडे सगळे .३२ वर येतात, आणि ही काही नाइलाजाची निवड नाही. .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे काडतूस १८९६ पासून आहे. ते मऊ चालतं, धक्का कमी देतं आणि नेम फार चांगला धरतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २५ मीटर सेंटर फायर पिस्तुलाच्या प्रकारात आजही नेमबाज हेच काडतूस वापरतात. आपल्याकडे त्याला ७.६५ × २३ मिमी म्हणतात. १८६९ मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'के एफ' खूण या काडतुसांच्या बुडावर दिसते.

इथे एक घोळ नेहमी होतो. पिस्तुलाचं .३२ वेगळं, ते ७.६५ × १७ मिमी. काही रिव्हॉल्व्हरांच्या कप्प्यात तेही शिरतं, पण शिरलं म्हणून ते चालतं असं नाही. जुन्या कोल्टवर '.३२ पोलीस' असं कोरलेलं असेल तर ते आपलंच .३२ लाँग, स्मिथ अँड वेसनचं नाव आपल्या नळीवर नको म्हणून कोल्टने तेच काडतूस वेगळ्या नावाने विकलं. पण '.३२ लाँग कोल्ट' हे निराळं काडतूस आहे. काडतुसाचं नाव नळीवर वाचा, पेटीवर वाचा, बुडावर वाचा. तिन्ही जुळले तरच भरा.

व्यवहार

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. म्हणजे मुंबईत जे जुनं वेब्ली, कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन विकायला येतं, ते आधीपासून कोणाच्या तरी परवान्यावर आहे. त्यामुळे भाव चढा असतो आणि विकणाऱ्याला घाई नसते. तुम्हीही करू नका.

दोन वाटा आहेत. परवानाधारक विक्रेत्याकडून घ्या, किंवा थेट दुसऱ्या परवानाधारकाकडून. थेट घेताना कायद्याचं पाचवं कलम विसरू नका. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं असतं, आणि कळवल्यावर किमान ४५ दिवस गेल्याशिवाय हत्यार हातात द्यायचं नसतं. त्या पत्राची पोच असलेली प्रत तुमच्याकडेही ठेवा. मी पहिल्या खेपेला ही प्रत मागितली नाही आणि इसार देऊन बसलो. पुढे कळलं की विकणाऱ्याच्या परवान्याचं नूतनीकरणच झालेलं नव्हतं. इसार परत मिळायला आठ महिने गेले. आता मी क्रम ठरवून टाकला आहे: त्याचा चालू परवाना, त्यावर या हत्याराचा नंबर, हत्यारावर तोच नंबर, पोच असलेलं पत्र, आणि मग पैसे. ताबा मिळाला की तुमच्या परवान्यावर नोंद करून घ्यायची. त्यासाठी हत्यार प्रत्यक्ष दाखवावं लागतं, आणि तोवर ते तुमचं समजू नका.

घरातलंच जुनं हत्यार वारसाने नावावर करायचं असेल तर त्याला वेगळी तरतूद आहे. परवानाधारक गेल्यावर तर वारसाला अर्ज करता येतोच. तो हयात असतानाही, त्याला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, यातलं जे आधी होईल त्यानंतर वारसाचा अर्ज चालतो. आजोबांच्या पश्चात हत्यार तसंच कपाटात पडू देणं हा गुन्हा होतो. दुःखाच्या दिवसांत कोणाला आठवण राहत नाही, म्हणून घरातल्या एकाने तरी हे लक्षात ठेवावं. आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, मग अर्ज करा.

हातात घेऊन काय बघायचं

पहिली गोष्ट कायम तीच: उघडा, कप्पे रिकामे आहेत ते डोळ्यांनी बघा, मग बोट घालून बघा. समोरच्याने आत्ता बघितलं असलं तरी.

मग नळीवरची अक्षरं. मूळ निळाई, म्हणजे पोलादावर चढवलेला निळसर-काळा थर, शाबूत असेल तर अक्षरं धारदार असतात, बोटाला लागतात. घासून नव्याने निळं केलेल्या हत्यारावर अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती पृष्ठभाग किंचित बशीसारखा खोलगट होतो. मी नाकारलेलं पहिलं कोल्ट असंच होतं. आरशासारखं चमकत होतं, पण त्यावरचं कोल्ट कंपनीचं घोड्याचं चित्र ओळखू येत नव्हतं. गंजाचे खड्डे घालवायला तेवढा धातू घासला गेला होता. त्यापेक्षा झिजून करडं पडलेलं, पण कोणी न छेडलेलं हत्यार केव्हाही बरं. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर कोणीतरी घरच्या स्क्रूड्रायव्हरने ते उघडलंय असं धरून चाला.

प्रूफच्या, म्हणजे दारूचा दाब सोसण्याची चाचणी झाल्याच्या, खुणा शोधा. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून आहे आणि वेब्ली तिथलीच. १९०४ नंतरच्या खुणांत मुकुटाखाली बीव्ही, बीपी आणि एनपी अशी अक्षरं येतात. एनपी म्हणजे नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या दारूची चाचणी. ही खूण नसेल आणि हत्यार एकोणिसाव्या शतकातलं असेल, तर ते काळ्या दारूसाठी बनलेलं आहे. ते शोभेला ठेवा, आजचं काडतूस त्यात घालू नका.

आता बसणी. इथे वेळ द्या, विकणारा कितीही चुळबुळ करो. रिकाम्या कप्प्यांत डमी काडतुसं घाला, म्हणजे फायरिंग पिनला मार बसणार नाही. सिलिंडरवर, म्हणजे कप्पे असलेल्या फिरत्या भागावर, एक बोट अलगद टेकवून अंगठ्याने घोडा, म्हणजे मागचा हॅमर, अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण चढायच्या आत, निदान चढताक्षणी, सिलिंडर 'टक्' करून अडकलं पाहिजे. घोडा चढला आणि सिलिंडर अजून केसभर फिरतंय, तर टायमिंग गेलंय. असं सहाही कप्प्यांसाठी करा, कारण रॅचेटचा, म्हणजे सिलिंडर फिरवणाऱ्या दातेरी चक्राचा, एखादाच दात झिजलेला असतो. दुसऱ्या नाकारलेल्या हत्यारात पाच कप्पे चोख होते आणि सहावा राहत होता. त्या कप्प्यातून सुटलेली गोळी नळीच्या तोंडाला एका बाजूने घासते आणि शिशाचे तुकडे बाजूला उडतात.

नुसतं पडलेलं सिलिंडर हलवून "ढिलं आहे" म्हणू नका. जुन्या कोल्टमध्ये आणि वेब्लीत खरी पकड चाप मागे असताना येते. घोडा हळूच खाली आणा, चाप मागेच दाबून ठेवा आणि मग सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित सैल चालतं, खडखड चालत नाही.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट डोळ्याने मोजायची नसते. नागदेवी स्ट्रीटवर गॅरेजवाले घेतात तो फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, घ्या, एवढं साधं अवजार पुरतं. सिलिंडर मागे दाबून प्रत्येक कप्प्यासमोर मोजा. ०.१० ते ०.२५ मिमी असेल तर निश्चिंत राहा. ०.३० च्या पुढे गेली तर माझ्या मते घेऊ नका. मग सिलिंडर पुढे ढकलून पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडर पुढेमागे किती खेळतंय ते.

घोडा चढवा, चापाला हात न लावता अंगठ्याने मागून दाबा. तो पडता कामा नये.

वेब्ली मधून मोडून उघडतं, म्हणून त्याला दोन जास्तीच्या तपासण्या. बंद करून दस्ता एका हातात आणि नळी दुसऱ्या हातात धरून वर-खाली, डावी-उजवीकडे मुरगाळून बघा. बिजागरीचा पिन किंवा वरचा कडीसारखा लॅच झिजला असेल तर तो खेळ थेट तळव्याला कळतो. मी काकांचं वेब्ली असं धरलं तेव्हा ते एका अखंड लोखंडासारखं लागलं, आणि तिथेच माझं ठरलं. नंतर उघडून बघा की काडतुसं बाहेर फेकणारा तारा पूर्ण वर येतो आणि मग स्वतःहून टपकन खाली बसतो का.

नळी आतून बघायच्या आधी एक कोरडा तुकडा ओढायची परवानगी मागा. काळी दिसणारी नळी कधी नुसतीच मळलेली असते. उजेडाकडे धरून बघताना आटे, म्हणजे आतल्या वळणदार खाचा, सलग आहेत का आणि मध्येच एखादं गडद कडं दिसतंय का ते पाहा. तसं कडं म्हणजे कधीतरी एक गोळी आत अडकली होती आणि तिच्यामागून दुसरी झाडली गेली. त्या जागी बाहेरून बोट फिरवलंत तर फुगवटाही लागेल. अशी नळी नको.

दुरुस्ती लागणार असेल तर ती परवानाधारक कारागिराकडेच. स्वतःचं हत्यार साफ करायला हरकत नाही, पण दुरुस्तीचा धंदा करायला कायद्याने परवाना लागतो. ओळखीतल्या फिटरला देऊ नका, तो कितीही कुशल असला तरी.

घरी आल्यावर

आधीच्या मालकाने कसं साफ केलं हे कितीही चांगलं सांगितलं तरी एकदा सगळं स्वतः करा. टेबलावर जुना पंचा पसरा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. दस्त्याच्या लाकडी फाळ्या आधी काढा. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्या. फाळी काढताना खाली स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. स्क्रू अर्धा सैल करून त्याच्या डोक्यावर टकटक करा, पलीकडची फाळी सुटते. खरा गंज तिथे लपतो. घामाचं मीठ लाकडाखाली मुरतं आणि वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

मऊ तांबूस गंजाला तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी तांब्याच्या जुन्या नाण्याची कड घेऊन हलकेच खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि निळाई राहते. सॅंडपेपर किंवा भांड्यांचा काथ्या कधीही नाही.

नळी आणि कप्पे मागच्या बाजूने साफ करा, म्हणजे तोंडाची कड घासली जात नाही. वेब्ली उघडतं, त्यामुळे हे सोपं जातं. ब्रॉन्झचा ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून आरपार न्या. नळीच्या मध्यातून मागे फिरवू नका, ब्रशचे केस वाकतात. दहा मिनिटं थांबा, मग कापडाचे तुकडे. जुन्या धोतराचं सुती कापड यासाठी फार छान, ते धागे सोडत नाही. राखाडी रेघा येत राहिल्या तर ते शिसं आहे, पुन्हा ब्रश करा. नळीचं मागचं तोंड आणि ताऱ्याखालची जागा दातांच्या जुन्या ब्रशने घासा. ताऱ्याखाली दारूचा एक कण जरी राहिला तरी सिलिंडर जड फिरतं. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बिजागरीला, एक घोड्याच्या खिळीला, आणि बाकी सगळीकडे तेलकट फडक्याचा नुसता हात. नळीत आणि कप्प्यांत तेल साचू देऊ नका. काडतुसाच्या टोपीत, म्हणजे मार बसून पेटणाऱ्या बुडाच्या भागात, ते झिरपलं की नेमक्या वेळी बार लागत नाही.

जुन्या, विशेषतः लष्करी साठ्यातल्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे जे मीठ राहतं ते हवेतलं पाणी ओढतं, आणि तेलात विरघळत नाही. ते फक्त पाण्यात निघतं. असं काडतूस वापरलं असेल तर नळी आणि सिलिंडर कढत पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, मग तेल. पोलादाला पाणी लावायला जीव धजत नाही, पण मुंबईच्या जूनमध्ये न धुतलेली नळी दोन दिवसांत तांबडी होते.

पहिल्या पावसाळ्यात मी एक चूक केली. सुंदर जुनं चामडी होल्स्टर मिळालं होतं, त्यातच वेब्ली ठेवून कपाट बंद केलं. गणपतीच्या आधी काढलं तेव्हा होल्स्टरच्या पितळी बटणावर हिरवा कळंक चढला होता, आणि त्या बटणाच्या बरोबर खाली, नळीच्या डाव्या अंगाला, नखाएवढा डाग. तो घासल्यावर तळाशी सुईच्या टोकाएवढे खड्डे उरले, ते आजही आहेत. चामडं कमावायला वापरलेले क्षार आणि आम्लं ओल धरून ठेवतात. होल्स्टर फक्त नेण्यापुरतं. ठेवायचं ते तेल लावलेल्या सुती कापडात, कुलूपबंद पोलादी पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलं तर पुड्या कधी तापवून सुकवायच्या ते कळतं. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला उघडून पुसा.

निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करायची नोटीस आली तर जमा करायच्या आदल्या रात्री जाड तेलाचा थर द्या, पावतीवर नंबर तपासून घ्या. ते तिथे किती आठवडे राहील हे तुमच्या हातात नसतं.

पहिले बार

बार काढायची जागा एकच, मान्यताप्राप्त रेंज. गावच्या शेतात नाही, गच्चीवर नाही, लग्नात तर नाहीच. आनंदाच्या भरात हवेत झाडलेल्या गोळीला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. मुंबईत महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज वरळीला आहे. सभासदत्व, वेळा आणि तुमचं हत्यार तिथे चालतं का, हे आधी विचारून घ्या. ज्यांनी आयुष्यात कधी नेम धरलेला नाही त्यांनी आधी दादरच्या सावरकर स्मारकात एअर पिस्तूल शिकावं असं माझं मत आहे. चाप कसा दाबायचा हे तिथे दहा मीटरवर, बिनधक्क्याचं, स्वस्तात शिकता येतं. नेताना रिव्हॉल्व्हर रिकामं, कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळी, परवाना अंगावर.

कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा, हे जुन्या हत्याराला नव्यापेक्षा जास्त लागतं. अंगठा किंवा दुसऱ्या हाताचं बोट कधीही सिलिंडरच्या पुढच्या फटीजवळ नको. तिथून गरम वायू सुटतो आणि कातडी चिरते.

पहिल्यांदा एकच काडतूस भरा. घोडा चढवून, दोन्ही हातांनी, १० मीटरवर. बार झाला की कवच काढून हातात घ्या आणि ते वाचा. टोपीवरचा खळगा मधोमध आहे का? एका बाजूला सरकला असेल तर टायमिंग किंवा फायरिंग पिन बघायला हवं. कवच फुगलंय, चिरलंय, की कप्प्यातून अडकत निघालं? यातलं काहीही असेल तर त्या दिवशी पुढे जाऊ नका. माझ्या पहिल्या कवचावरचा खळगा मसुराच्या दाण्याएवढा गोल, अगदी मध्यावर होता. ते कवच मी काकांना दाखवायला घेऊन गेलो, आणि त्यांनी ते खिडकीच्या उजेडात बराच वेळ फिरवून पाहिलं. सहाही कप्पे असे एकेक करून तपासा, मग दोन-दोन भरा. सहाची घाई नको.

'टक्' झालं आणि बार लागला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा. कधी कधी दारू उशिरा पेटते. आणि बार नेहमीपेक्षा दबका वाटला, धक्काच आला नाही, तर लगेच थांबा, रिकामं करा, नळीत उजेड दिसतो का बघा. गोळी आत अडकली असू शकते.

जुन्या हत्याराची माशी, म्हणजे नळीवरचा नेम धरायचा उंचवटा, पक्की असते, सरकवता येत नाही. गोळ्या सलग एकत्र पण खाली पडत असतील तर हत्यार चांगलं आहे, फक्त तुम्ही नेम किती वर धरायचा ते शिकायचं. त्याच बोअरमध्ये जड गोळी सहसा वर लागते, कारण ती नळीत जास्त वेळ राहते आणि तेवढ्या वेळात नळी वर उचललेली असते. म्हणून एकच प्रकारचं काडतूस धरून राहा.

कवचं काढताना नळी खाली धरून वेब्ली उघडू नका. कवच ताऱ्याखाली सरकून अडकतं आणि मग हत्यार बंदच होत नाही. किंचित आडवं धरून एका झटक्यात उघडा. रात्री झोपताना जवळ ठेवायचं असलं किंवा नसलं, जुनं रिव्हॉल्व्हर भरलेलं ठेवू नका. अनेक जुन्या मॉडेलांत घोडा आणि टोपी यांच्यामध्ये अडसर नसतो, आणि पडलं तर बार होऊ शकतो.

रेंजवरून आल्यावर त्याच संध्याकाळी साफ करा, चहा नंतर. तिसऱ्या दिवशी नळीतून पुन्हा एक कोरडा तुकडा ओढा, कारण राहिलेला मळ तोवर वर आलेला असतो. तुकडा पांढरा निघाला की तेलाचा हलका हात द्या आणि पेटीला कुलूप लावा.